थोरलीची चिठ्ठी

म्हाताऱ्याच्या उजव्या हातात थापी होती आणि म्हातारा थापी शोधत होता.

"अगं, ते कुठे ठेवलंस?" त्यानं सुनेला विचारलं.

"काय बाबा?"

"ते गं. ते आपलं... ज्यानं ठोकतात ते."

डाव्या हातानं त्यानं ओल्या माठाच्या पोटात दगडाचा गोटा धरला होता. आतून गोटा आणि बाहेरून लाकडी थापी, ठोकत ठोकत माठाचं पोट फुगवायचं, हे काम तो पन्नासएक वर्षं करत आला होता. सुनेला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्याला खोडच होती ती. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला पाण्यात भिजत पडलेला कच्चा माठ उचलून आणायला सांगितलं होतं. माठ हातातल्या हातात विरघळला, तेव्हा तिचं रडवेलं तोंड बघून हा पोट धरून हसला होता. "घाबरट आहे पोर," असं त्यानं तेव्हाच जाहीर करून टाकलं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पण आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो चाकाकडे बघत होता, राखेच्या ढिगाकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हातातच आहे की बाबा. थापी."

"थापी," म्हातारा म्हणाला. जेवताना दाताखाली खडा आल्यासारखं त्याचं तोंड झालं. "हां. थापी."

आणि तो ठोकायला लागला. हात बरोबर पडत होता, माठ गोल उतरत होता. सून मात्र दचकली होती, आणि त्याचं कारण वेगळंच होतं. तिच्या मुलीनं 'थापी' हा शब्द शनिवारीच शाळेच्या लायब्ररीत जमा केला होता.

शाळेतली लायब्ररी म्हणजे एक लांबट खोली. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकत. मग लायब्ररीच्या बाई आल्या. अंगानं काडी, आवाजानं नगारा. त्यांनी बाकं बाहेर काढली, पुस्तकं आत आणली आणि एक नियम केला. पुस्तक घरी न्यायचं असेल तर एक शब्द ठेवून जायचा. शब्द घरच्या माणसाच्या तोंडचा हवा, आणि आधी कुणी जमा केलेला नको. एका चिठ्ठीवर शब्द लिहायचा, खाली अर्थ, कुठे वापरतात ते, आणि कुणी दिला ते. बाई त्यावर तारखेचा शिक्का मारत आणि चिठ्ठी लाकडी कपाटाच्या खणात ठेवत. न्हाव्याच्या पोरानं वस्तऱ्याला धार लावण्याचे शब्द आणले. मेंढपाळाच्या मुलीनं मेंढीच्या खोकल्याचेच पाच प्रकार आणले. दर शनिवारी बाई एक चिठ्ठी काढत आणि कुणालाही उभं करून त्या शब्दाचं वाक्य करायला लावत. जी पोरं 'हो' आणि 'नाही' यांच्या पलीकडे तोंड उघडत नव्हती, ती आता शब्दांवरून भांडायला लागली. तडा गेलेलं मडकं वाजवलं की आवाज 'बद्द' येतो, असं कुंभाराच्या मुलीनं लिहून दिलं होतं. मुख्याध्यापकांच्या पुढच्याच भाषणात मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'बद्द' म्हणालं आणि अख्ख्या वर्गाला उन्हात उभं राहावं लागलं.

कुंभाराची मुलगी पक्की पुस्तकखाऊ. सहावीत येईपर्यंत तिनं शंभराच्या वर पुस्तकं फस्त केली होती, आणि त्यांचे बहुतेक शब्द आजोबांच्या खिशातले.

"आजोबा, एक शब्द द्या ना."

"परवाच दिला की. भिकारी करशील मला एक दिवस!"

म्हातारा हे हसत म्हणायचा. पण आता सुनेला ते आठवलं आणि ती जागच्या जागी थिजली. भिकारी करशील. महिन्यापूर्वी मुलीनं 'पोयटा' हा शब्द नेला होता, पाण्यानं वाहून आलेल्या मऊ मातीचा. त्याच आठवड्यात म्हातारा त्या मातीत हात घालून म्हणाला होता, "ही कसली माती गं?" त्याआधी 'बद्द' नेला. त्यानंतर म्हातारा मडकी वाजवून नुसताच मान हलवत असे. नेलेले शब्द आणि हरवलेले शब्द तिनं मनात एकासमोर एक मांडले, आणि ते जुळत गेले. जे शब्द मुलीनं नेले होते आणि तरी म्हाताऱ्याच्या जिभेवर शाबूत होते, ते तिनं धरलेच नाहीत. घाबरलेल्या माणसाचा हिशेब असाच असतो.

नवऱ्याला सांगावं तर तो चाकावरून मान वर करणारा नव्हता. "वय झालंय त्यांचं," एवढंच तो म्हणाला. तिनं मुलीला दटावलं, की आजोबांना आता काही विचारायचं नाही. मुलगी हिरमुसली. तेवढ्यानं काही होणार नव्हतं. शब्द तर तिकडे खणात जाऊन पडले होते. ते परत कसे आणायचे?

कुंभाराच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. भाजलेलं मडकं फुटलं तर गेलं. पण कच्चं मडकं बिघडलं तर कुणी रडत बसत नाही. ते पाण्यात टाकायचं, विरघळू द्यायचं, तुडवायचं, की माती परत जशीच्या तशी मिळते. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. चिठ्ठी काय, कागद. भट्टीत गेलेली थोडीच आहे?

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर नवा माठ घेऊन शाळेत गेली. लायब्ररीतला पिण्याच्या पाण्याचा माठ दर उन्हाळ्यात तिच्याकडूनच जायचा, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. बाई वर्गावर होत्या. कपाटाच्या एका खणावर तिच्या मुलीनं मडक्याचं चित्र चिकटवलं होतं. तिनं खण ओढला आणि तो करकरला, तशी तिनं दाराकडे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं.

ती तिसरीपर्यंत शिकली होती आणि त्यालाही जमाना झाला होता. जमिनीवर बसून तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. था. पी. मिळाली. पोयटा मिळाली. बद्द मिळाली. चौथी चिठ्ठी लांबलचक होती. ती सोडून द्यावी असं वाटलं, पण पहिलंच अक्षर 'थो' होतं आणि ती वाचत गेली. ओठ हलवत, अडखळत, मागे जाऊन पुन्हा.

'थोरली. आमची सगळ्यात जुनी भट्टी. तळं वाढलं तेव्हा गाळात बुजली. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून वाकड्या खांबाकडे तोंड करून चाळीस पावलं. शब्द दिला आजोबांनी.'

'चाळीस'शी ती बराच वेळ झगडली. थोरली हे नाव तर बाबांच्या तोंडून तिनं कधी ऐकलंच नव्हतं, म्हणजे तेही गेलेलंच. तेवढ्यात घंटा झाली. तिनं चारही चिठ्ठ्या कमरेला खोचल्या, खण ढकलला आणि बाहेर पडली. वाटेत तिला प्रत्येक माणूस आपल्या कमरेकडेच बघतोय असं वाटत होतं.

घरी आल्याबरोबर तिनं चिठ्ठ्या माती भिजवायच्या हौदात टाकल्या आणि वर चढून तुडवायला सुरुवात केली. थंडगार चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. शाई सुटली, कागद लगदा झाला, मग लगदाही दिसेना.

"आज काय माती मारायला निघालीस का?" नवरा चाकावरून म्हणाला.

ती आणखी जोरात तुडवायला लागली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा उठला, पडवीत आला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "थापी दे गं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हातारा अजून तिला घाबरटच म्हणत होता, आणि त्या दिवशी तिला ते फार गोड वाटलं.

तिचा हा आनंद नऊ दिवस टिकला.

तळं आटायला लागलं की कुंभाराचे खरे दिवस सुरू होतात. पाणी मागे हटल्यापासून पाऊस पडेपर्यंत जेमतेम वीस दिवस. तेवढ्यात वर्षभराची माती वर काढायची. पूर्वी कुंभारांची चार घरं होती. तीन शहराकडे गेली, हे एकच उरलं. या वर्षी ते पाट्या-कुदळी घेऊन तळ्यावर गेले, तर काठावर पिवळं खोदायचं मशीन उभं. ते वीटवाल्याचं होतं. गावाबाहेर त्याच्या विटांच्या रांगा पसरत चालल्या होत्या आणि त्याला आता तळ्याची सगळी माती हवी होती. शब्दानं शब्द वाढला. नवऱ्यानं मशीनपुढे पाटी आपटली. दोन दिवसांनी कचेरीचा शिपाई आला, ताडमाड उंच माणूस, आणि त्यानं दारात उभं राहून कागद वाचून दाखवला. जुन्या दप्तरात लिहिलं होतं, की कुंभारांच्या जुन्या भट्टीपासून घाटापर्यंतची माती कुंभारकामाला, आणि पलीकडची बाकीच्यांना. वीटवाल्याचं म्हणणं, जुनी भट्टी घाटाला लागूनच होती. म्हणजे कुंभाराच्या वाट्याला पायरीपुढची दगडगोट्यांची पट्टी. गुरुवारी साहेब स्वतः येऊन जागा बघतील, गावातल्या जाणत्या माणसाला विचारतील. तोवर कुणीही कुदळ मारायची नाही.

"जाणता माणूस म्हणजे आजोबाच की," शिपाई म्हणाला. "त्यांनी बोट दाखवलं की झालं."

आजोबा अंगणात बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

नवऱ्यानं थोरलीबद्दल बापाकडून लहानपणी ऐकलं होतं, पण एका कानानं. मुलगी मात्र टुणकन उडालीच.

"आई, माझ्या चिठ्ठीत आहे! पावलांसकट! चौथीत असताना लिहिलीय मी. शिक्का आहे त्यावर!"

"किती पावलं?" नवऱ्यानं विचारलं.

मुलगी अडखळली. "साठ... की वीस? लिहून ठेवलं होतं ना बाबा, म्हणून लक्षात नाही ठेवलं. थांबा, घेऊन येते."

ती धावत सुटली. सुनेला ओरडून तिला थांबवायचं होतं. पण ती हौदाच्या कडेला तशीच बसून राहिली.

मुलगी परत आली ती बाईंना घेऊनच. बाईंचा नगाऱ्यासारखा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मी तीनदा सगळे खण बघितले," त्या म्हणाल्या. "चार चिठ्ठ्या नाहीत. नेमक्या तुमच्याच खणातल्या. इतक्या वर्षांत एक कागद हरवला नव्हता हो माझ्याकडचा."

"वीटवाल्यानं उचलल्या," नवरा म्हणाला. "दुसरं कोण?"

संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. आणि दुसऱ्या दिवशी वीटवाला स्वतः दारात हजर. पांढरेशुभ्र कपडे, हातात किल्ल्या. त्यानं खाटेवर बसायच्या आधी रुमाल अंथरला.

"माझं नाव घेताय म्हणे," तो नवऱ्याला म्हणाला. "मला माती पाहिजे, ते मी उघड सांगतो. पण पोरांच्या शाळेत जाऊन मी चिठ्ठ्या चोरीन? लायब्ररी सरकारची आहे. तिथला कागदन् कागद सरकारचा. मी सांगितलंय साहेबांना, चोर शोधा म्हणून. सापडला की आत टाका. मग तो कुणी का असेना."

सून चहाचा पेला घेऊन येत होती. पेला बशीत खडखडला. वीटवाल्यानं वर बघितलं, क्षणभरच. तिला वाटलं, संपलं सगळं.

पण तो म्हाताऱ्याकडे वळला. "काय आजोबा, ओळखलंत का मला?"

म्हाताऱ्यानं त्याला नीट न्याहाळलं. "ओळखलं की. कौलं न्यायला आलास ना? तयार आहेत. बैलगाडी आणलीस?"

बैलगाडी घेऊन कौलं न्यायला यायचा तो वीटवाल्याचा बाप. त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. वीटवाला हसला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त नवऱ्याकडे बघितलं, मग रुमाल झटकून घडी केला आणि खिशात ठेवला.

"गुरुवारी भेटू," तो म्हणाला.

त्या चार दिवसांत सून घासभरही नीट जेवली नाही. चिठ्ठी तिनं विरघळवली होती, पण चिठ्ठीतलं सगळं तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. बोट ठेवून वाचलेलं एकेक अक्षर. पायरी. वाकडा खांब. चाळीस. सांगितलं तर चोर म्हणून आत जायचं, मुलीला शाळेत तोंड दाखवायला जागा उरायची नाही, आणि नवरा काय करील ते देव जाणे. नाही सांगितलं तर माती गेली. माती गेली की चाक गेलं, आणि मग शहरात जाऊन कुणाच्या तरी इमारतीवर पाट्या उचलायच्या. तिन्ही घरं हेच तर करत होती.

तिनं तिसरी वाट काढली. म्हाताऱ्यालाच पढवायचं. त्याचेच शब्द, त्याच्याच तोंडात परत घालायचे. रोज दुपारी ती त्याच्या पाठीला तेल लावताना कानाशी बोलायची.

"बाबा, थोरली कुठाय?"

"कोण थोरली?"

"आपली जुनी भट्टी. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून, वाकड्या खांबाकडे तोंड करून, चाळीस पावलं. म्हणा."

"चाळीस पावलं," म्हातारा शहाण्या मुलासारखा म्हणायचा.

"कुठून?"

"कुठून?" तो तिलाच विचारायचा.

हाडं वर आलेली त्याची पाठ तिच्या हाताखाली थरथरायची. ती पुन्हा सांगायची. बुधवारी दुपारी त्यानं सगळं सलग म्हणून दाखवलं, एक शब्द न गाळता. ती धावत पाणी आणायला गेली आणि परत आली तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" तिच्या हातातली कळशी खाली आपटली. दिलेले शब्द तो विसरत होताच, न दिलेलेही विसरत होता, आणि आज तर माणसंही. यात चिठ्ठ्यांचा काही दोष नव्हता. हे तिला तिथेच, सांडलेल्या पाण्यात उभं राहून कळलं. शब्द परत येणार म्हणून तिनं ज्या चिठ्ठ्या तुडवल्या, त्यांतच तेवढे ते शिल्लक राहिले होते.

गुरुवारी सकाळीच ऊन कडक होतं. तळ्याचा तळ भेगाळून पापुद्रे सुटले होते. मधोमध पाण्याची पातळी मोजायचा लोखंडी खांब, एका बाजूला कललेला. घाटाच्या पायऱ्यांवर अर्धं गाव जमलं होतं. बाई शाळेच्या पोरांना घेऊन आल्या होत्या. साहेब तरुण होते, घामानं डबडबलेले, कधी एकदा सावलीत जातो असं झालेले. वीटवाला छत्री घेऊन त्यांच्या शेजारी उभा होता.

नवऱ्यानं बापाला हाताला धरून शेवटच्या पायरीवर आणलं.

"आजोबा," साहेब मोठ्यानं म्हणाले, "तुमची जुनी भट्टी कुठे होती? नुसतं बोट दाखवा."

म्हाताऱ्यानं तळ्याकडे बघितलं. सून पाठीमागे बायकांत उभी होती, तिचे ओठ आपोआप हलत होते. चाळीस पावलं, बाबा. चाळीस.

"पाणी कुठे गेलं?" म्हातारा म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्यानं मान खाली घातली. वीटवाला साहेबांना हळू आवाजात म्हणाला, "मी सांगितलंच होतं. वय झालंय. त्यांना त्रास नको." साहेबांनी फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

सून पुढे आली ती स्वतःच्या मनानं आली असं नाही. ते पेन कागदाकडे निघालं आणि ती पुढे गेली, एवढंच.

"चाळीस पावलं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की साहेबांना ऐकूच गेला नाही. "काय म्हणालात?"

"शेवटच्या पायरीवरून. वाकड्या खांबाकडे तोंड करून. चाळीस. चिठ्ठीत लिहिलं होतं."

"चिठ्ठी तर चोरीला गेलीय ना?"

"मीच नेली." आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "खणातून मी काढली. वाचली. आणि मातीत विरघळवली."

पायऱ्यांवर गलका झाला. नवऱ्यानं वळून तिच्याकडे बघितलं. चौदा वर्षांत त्यानं तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मुलीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. बाईंकडे बघायचं धाडस तर सुनेला झालंच नाही.

"विरघळवली?" साहेबांना ते नीटसं कळेना. "का?"

"बाबांना शब्द परत मिळतील म्हणून."

या वेळी हसणं मोठ्यानं झालं. वीटवाला मात्र हसला नाही. "साहेब, कागद नाही, शिक्का नाही. उद्या मीही सांगेन चार पावलं. आणि ही बाई तर कबूलच करतेय."

"त्याचं नंतर बघू," साहेब त्रासून म्हणाले. "चाळीस तर चाळीस. मोजा रे."

उंच शिपाई पायरीवरून उतरला आणि खांबाकडे बघत लांब लांब ढांगा टाकत गेला. चाळिसाव्या पावलावर त्यानं टाच रोवली. नवरा कुदळ घेऊन धावला. हातभर खणलं. माती. कमरेइतकं खणलं. मातीच, काळी, ओलसर, निर्मळ. तिला तो प्रत्येक घाव आपल्याच छातीवर पडतोय असं वाटत होतं. आकडा चुकला होता का? 'चाळीस'शी ती किती झगडली होती! साहेबांनी पुन्हा पेन काढलं.

"हे कोण मोजतंय?"

म्हातारा बोलला होता. शिपायाकडे बघत होता आणि भयंकर चिडला होता.

"रिकाम्या डोक्यानं कुणी मोजतं होय? गाढव कुठला! ओझं कुठाय? ओझं?"

लोक पुन्हा हसणार होते. पण सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. जाताना कुंभार पावलं मोजत नाही. मोजतो ते येताना, डोक्यावर भरली पाटी असते तेव्हा, पायरी कधी येते म्हणून. तीही तशीच मोजत आली होती, चौदा उन्हाळे. ते चिठ्ठीत नव्हतं, कारण घरात ते कुणी कुणाला सांगतच नसे.

तिनं खणलेल्या मातीची पाटी भरली. नवरा पुढे झाला आणि त्यानं ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. मान आत रुतली, गुडघे किंचित वाकले, पाऊल आपोआप आखूड झालं. ती पाटी घेऊन शेवटच्या पायरीवर आली, खांबाकडे वळली आणि चालायला लागली. मागे म्हातारा मोजत होता, मोठ्यानं, एकेक करून. बारानंतर मुलगीही मोजायला लागली. मग पोरं. तिला मागे वळून बघता येत नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. चाळीस म्हणाले तेव्हा ती शिपायाच्या खड्ड्याच्या बरीच अलीकडे होती.

तिनं पाटी तिथेच टाकली. नवऱ्यानं कुदळ मारली. गुडघाभर खणल्यावर आवाज बदलला. त्यानं हातानं माती बाजूला सारली. खाली लाल झालेली माती होती, विटेसारखी कडक, मग राखेचा थर, आणि राखेत खापऱ्याच खापऱ्या. त्यानं एक मोठी खापरी उचलून बोटाच्या पेरानं वाजवली. इतकी वर्षं गाळात राहूनही ती खणखणीत वाजली.

साहेब खाली उतरले, त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि फाइलवर काहीतरी लिहिलं. तिथपासून घाटापर्यंतची माती कुंभारांची, असं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. वीटवाल्यानं छत्री मिटली. "आणि चोरीचं?" त्यानं विचारलं.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई पोरांतून पुढे आल्या. सुनेला वाटलं, आता.

"लायब्ररीतून नेलेली चिठ्ठी भरून द्यावी लागते," बाई म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा नगाऱ्यासारखा झाला होता. "चार नेल्या, चार लिहून आणायच्या. स्वतःच्या अक्षरात. शनिवारपर्यंत. आणि आपला शब्दही एक जमा करा, म्हणजे पुस्तक नेता येईल." मग त्यांनी पिशवीतून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून तिच्या चिखलानं भरलेल्या हातात दिला.

नवरा कुदळ खांद्यावर टाकून तिच्यापुढे चालत घरी आला. दारात आल्यावर म्हणाला, "मला सांगायचं होतंस." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "अगं, मला तरी सांगायचं होतंस." आणि हातपाय धुवायला गेला.

उन्हं उतरल्यावर ती अंगणात म्हाताऱ्याच्या खाटेपाशी बसली. मुलीनं पेन्सिल करून दिली होती. थोरली, तिनं लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी येत होती. भरली पाटी डोक्यावर घेऊन चाळीस पावलं, असं तिनं लिहिलं आणि 'भरली पाटी'खाली रेघ ओढली. पुढच्या तीन चिठ्ठ्या झाल्या. गठ्ठ्यात अजून कितीतरी होत्या, आणि म्हाताऱ्यात किती शब्द उरलेत हे कुणाला ठाऊक होतं? आजचे किती, उद्याचे किती? तिला आता त्याचीच भीती वाटायला लागली होती, आणि ही भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

"बाबा, आणखी एक शब्द द्या."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

"तू कोण गं?"

"तुमची सून."

म्हातारा हसला. तसाच, पूर्वीसारखा, पोट धरून. "मला बनवतेस होय? माझी सून घाबरट आहे. चार माणसांत तोंड उघडायची नाही ती." मग पुढे वाकून त्यानं आवाज बारीक केला. "ती भेटली तर सांग तिला. आज एका बाईनं आपली थोरली शोधून दिली. म्हणावं, तू असायला हवी होतीस बघायला."

तिनं चिठ्ठी गुडघ्यावर सरळ केली. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं.

"सांगते बाबा," ती म्हणाली.